एका वेळी एकच तार

"हे काय, चकली उकळतेयस?" मम्मीनं पातेल्यात डोकावून विचारलं.

"तार आहे," मी म्हणाले. "बेस गिटारची. चारातली तिसरी."

"माझ्या दुधाच्या पातेल्यात."

"आत्या म्हणाली जाड बुडाचं घे."

मम्मीनं आत्याकडं बघितलं. आत्या ओट्याशेजारी स्टुलावर बसून शब्दकोडं सोडवत होती. वर न बघताच ती म्हणाली, "मार्था, सोडा घातलाय त्यात. पातेलं पहिल्यापेक्षा स्वच्छ निघेल."

"ताई, तुम्ही दोघी एक दिवस त्या गिटारीला माझ्या ताटात जेवायला वाढाल," मम्मी म्हणाली आणि दूध दुसऱ्या भांड्यात ओतून निघून गेली.

मी चिमट्यानं तार बाहेर काढली, जुन्या बनियनच्या फडक्यावर ठेवली आणि पुसली. पाणी काळं झालं होतं. घाम, तेल, हाताचा मळ, सगळा वाजवण्याचा मळ तारेच्या वेढ्यांत बसतो आणि मग तार मुकी होते. उकळली की परत बोलायला लागते. आत्या तरुणपणी सांगली-मिरजेकडच्या एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवायची तेव्हा इकडं बेसच्या तारा मिळायच्याच नाहीत. मुंबईला जाणाऱ्या माणसाला सांगायचं आणि वाट बघत बसायचं. त्यामुळं ही सगळी मंडळी तारा उकळायची. आता फोनवर मागवल्या की दोन दिवसांत दारात येतात, पण आत्याला त्या नको असतात. "नव्या तारा केकाटतात," ती म्हणते.

मी तेव्हा आठवीत होते, मिरजेत. आत्या म्हणजे माझ्या पप्पांची थोरली बहीण, रूथ. ती नर्स होती. लग्न केलं नाही, निवृत्त झाल्यावर आमच्याकडं राहायला आली. येताना साड्यांच्या दोन ट्रंका आणि हा बेस. जपानी आहे, पप्पा शाळेत जायच्या आधीचा. दांडीच्या टोकावरचं कंपनीचं नाव पुसलं गेलंय. रंग मध्ये मधासारखा आणि कडेला काळपट. पुरुषांच्या गिटारींना पाठीमागं पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे असतात, आत्याच्या बेसला साडीच्या पिनेचे आहेत. ती पदर खोचून, पिन लावून स्टेजवर उभी राहायची आणि लोक म्हणे गाणं सोडून तिच्याकडंच बघत बसायचे. हे मला आत्यानं नाही सांगितलं. चर्चमधल्या म्हाताऱ्या सांगतात, अजून.

त्या बेसची सगळी देखभाल माझ्याकडं होती. सहावीपासून. तारा खालून-वरून पुसायच्या. दांडीला तेलाचं बोट फिरवायचं, जास्त नाही. आवाजाचं बटण फिरवताना खरखर झाली तर उघडून आत स्पिरिटचा कापूस लावायचा. अँपमधून, म्हणजे स्पीकरच्या खोक्यातून, घूं असा आवाज आला तर ब्रिजखालची, तारा जिथं अडकवतात त्या पट्टीखालची, वायर सुटलीय का बघायची. आत्याचं सगळं सामान हॉस्पिटलसारखं स्टीलच्या ट्रेमध्ये असायचं आणि ती मला "हं, चिमटा," "हं, पेचकस," असं सांगायची. मी करायचे, ती बघायची.

सगळ्यात मोठा नियम तारांचा होता. उकळायला एका वेळी एकच तार काढायची. ती उकळून, वाळवून परत चढवली, सुरात आणली की मग दुसरी.

"का पण?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"दांडीच्या आत लोखंडी सळई आहे," आत्या म्हणाली. "ती गंजून धरलीय. फिरत नाही. ती दांडीला मागं ओढते आणि तारा पुढं ओढतात. दोन्हीकडून ओढ आहे म्हणून दांडी सरळ आहे. चारही तारा एकदम काढल्यास की सळई जिंकली."

हे सगळं मला इतकं पाठ होतं की झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. फक्त एक गोष्ट मला येत नव्हती. वाजवणं.

"मला कधी शिकवणार?"

"आधी सांभाळायला शीक."

मी सांभाळायला शिकले होते. माझ्यापेक्षा जास्त कुणी शिकलं असेल तर त्यानं समोर यावं. पण बोट तारेवर ठेवलं की आत्या म्हणायची, "झालं ना पुसून? ठेव आता पेटीत." मी वाट बघत होते. तो बेस माझाच आहे, फक्त अजून माझ्या हातात दिलेला नाही, असं मी धरून चालले होते.

मग केझिया आली.

जूनमध्ये आमच्या चर्चला नवे पाळक आले, नगरहून बदली होऊन. केझिया त्यांची मुलगी. तीही आठवीत, माझ्याच वर्गात. पाळकसाहेब घरभेटीला आले तेव्हा तीही आली. प्रार्थना झाली, चहा झाला, आणि केझियाची नजर कोपऱ्यातल्या पेटीवर गेली.

"बेस आहे का त्यात? आत्या, बघू?"

आत्या. पाच मिनिटांपूर्वी घरात आलेली मुलगी माझ्या आत्याला आत्या म्हणाली. मी बिस्किटांची बशी घेऊन उभी होते आणि मनात म्हणाले, थांब आता, बघ कशी नाही म्हणते ती तुला.

"घे की," आत्या म्हणाली.

केझियानं पट्टा खांद्यावर टाकला. ती नगरला दोन वर्षं गिटार शिकली होती. तिनं एका भक्तिगीताचा खालचा सूर धरला आणि वाजवत गेली, अँप नव्हता तरी आमच्या सोफ्याच्या लाकडात ते घुमलं. पाळकसाहेब गुणगुणायला लागले. मम्मीपण. मी आत्याकडं बघितलं. ती पुढं झुकली होती.

"अंगठा तरंगता ठेवू नको," ती म्हणाली. "टेकव तिथं. हां. आता बोटं मोकळी झाली बघ."

केझियानं अंगठा टेकवला आणि आवाज एकदम गोल झाला. माझ्या आत्याच्या तोंडून मला इतकी वर्षं हवं होतं ते वाक्य, अंगठा कुठं टेकवायचा ते, केझियाला चहा गार व्हायच्या आत मिळालं.

"रविवारी उपासनेनंतर येत जा," आत्या म्हणाली.

ते रविवार. मी दुसऱ्या खोलीत गणितं सोडवत बसायचे आणि भिंतीपलीकडून ऐकायचे. आत्या हसायची. माझ्याबरोबर तारा पुसताना ती कधी अशी हसली नव्हती. ती तिला स्टेजवरच्या गोष्टी सांगायची, ज्या मला चर्चच्या म्हाताऱ्यांकडून ऐकायला लागल्या. केझियाची बोटं लांब आहेत असं मी स्वतःला सांगितलं, म्हणजे निदान त्यात देवाचा दोष. मग एकदा शाळेत मी तिला म्हटलं, "हात लाव बघू," आणि तळव्याला तळवा लावला. अगदी सारखे. तिला वाटलं मी मैत्री करतेय. ती हसली, म्हणाली, "तुझे हात कसले गरम आहेत गं."

तिचा राग येण्यासारखं ती काहीच करायची नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. घरातून जाताना ती मला म्हणायची, "थँक्यू सुवार्ता, किती मस्त ठेवतेस तू बेस." जसं हॉटेलातून निघताना आपण म्हणतो.

नोव्हेंबर संपताना तरुण संघानं ठरवलं की नाताळच्या कार्यक्रमाला केझिया बेस वाजवणार. आमचा बेस. सरावासाठी तो पाळकांच्या बंगल्यावर गेला. स्कूटीवर मागं बसून केझियानं पेटी मिठीत धरली होती, आणि ती गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी गेटमध्ये उभी होते.

"कार्यक्रमाच्या आधी तारा उकळून दे तिला," आत्या मला म्हणाली.

"नाही."

"काय नाही?"

"ती वाजवते ना, तिला उकळू दे."

मी नाही म्हणाले आणि आजही मला त्याचं वाईट वाटत नाही. मी कुणाची मोलकरीण नव्हते. आत्यानं माझ्याकडं बघितलं आणि शब्दकोडं ओढलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत केझिया म्हणाली, "आत्यानं सांगितलं, मी करते उकळायचं. कसं करायचं ते सांग फक्त."

"सोडा घाल. आणि एका वेळी एकच तार काढ."

"हो हो," ती म्हणाली, आणि मला दिसत होतं की पहिलं वाक्य तिनं ऐकलं, दुसरं नाही. म्हणून मी परत सांगितलं. ती परत हो म्हणाली.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आम्ही करंज्या तळत होतो. केझिया पेटी घेऊन दारात आली. सलाम नाही, काही नाही. चेहरा पांढरा.

"आत्या, तो खरखरतोय."

आत्यानं हात पुसले. पेटी उघडली. बेस मांडीवर घेतला आणि सगळ्यात जाड तार छेडली. जो आवाज आला तो बेसचा नव्हता, डबा घासल्यासारखा होता. तार दांडीवरच्या पितळी पट्ट्यांवर आपटत होती, वरच्या टोकापाशी सगळ्यात जास्त.

"चारही काढल्यास?" आत्यानं विचारलं.

"काल. रात्रभर वाळत ठेवल्या होत्या. नगरच्या आमच्या गिटारच्या सरांनी असंच शिकवलं होतं, सगळ्या काढायच्या म्हणजे खालून नीट पुसता येतं." तिनं बाहीनं डोळे पुसले. "माझ्या गिटारीला काही नाही होत तसं."

"तुझी गिटार नवी आहे," मी म्हणाले. मला खूप छान वाटत होतं. इतकं छान की मी करंजीचा झारा हातातच धरून बाहेर आले होते.

"रडू नको," आत्या तिला म्हणाली. "तू जा, गाण्याचा सराव आहे ना? तीन वाजता ये." आणि केझिया गेली, जाताना माझ्याकडं एकदा बघून. त्या बघण्यात थँक्यू नव्हतं.

आत्यानं ट्रे ओढला. छोटा पेचकस घेतला. ब्रिजवर प्रत्येक तारेखाली एक छोटी ठोकळी असते, तिचा स्क्रू फिरवला की तार वर उचलली जाते. आत्यानं पेचकस स्क्रूत बसवला आणि फिरवला. फिरला नाही. तिनं दुसऱ्या हातानं मनगट धरलं आणि परत फिरवला. पेचकस निसटला, बेसवर एक नवा ओरखडा उठला आणि पेचकस फरशीवर टणकन पडून पलंगाखाली गेला.

आम्ही दोघी त्या ओरखड्याकडं बघत राहिलो.

"तू कर," आत्या म्हणाली.

"तू कर ना. तुला येतं."

"नाही येत." ती बोटं बघत होती. मधल्या बोटांचे सांधे सुजले होते, हे मी रोज बघत होते, पण कधी बघितलं नव्हतं. "तू सहावीत होतीस तेव्हापासून नाही येत. खुंटीपण फिरत नाही मला."

मी झारा खाली ठेवला.

"मी करते," मी म्हणाले. "पण मग आज मीच वाजवणार."

"तुला वाजवता येतं का?"

"तू शिकवलं नाहीस."

"म्हणजे येत नाही."

"म्हणजे तू शिकवलं नाहीस."

मम्मी आतून म्हणाली, "करंज्या जळतायत, कुणीतरी बघा." कुणी गेलं नाही. मग तीच गेली.

मी पलंगाखालून पेचकस काढला. खरं सांगायचं तर मी केझियासाठी नाही बसले. मला त्या आवाजाची लाज वाटली. संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये आमचा बेस तसा खरखरला असता, आणि लोकांना वाटलं असतं तो तसाच आहे. मी बसले. ठोकळ्या थोड्या उचलल्या. मग तारा सुरापेक्षा चढवल्या, एकेक करून, थोडं थोडं, म्हणजे त्या दांडीला पुढं ओढतील. दुपारभर तशाच ताणून ठेवायच्या आणि मग सुरात उतरवायच्या. असं करायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पण सळई मागं ओढते आणि तारा पुढं ओढतात, एवढं माहीत असलं की बाकीचं आपलं आपल्याला सुचतं. आत्या काही सांगत नव्हती. पहिल्यांदाच ती चिमटा, पेचकस असं काही म्हणाली नाही.

"मला का नाही शिकवलंस?" मी खुंटी फिरवताना विचारलं. वर बघितलं नाही.

"तुझे हात लहान होते."

"केझियाचे माझ्याएवढेच आहेत. आम्ही लावून बघितलेत."

आत्यानं ट्रेमधला चिमटा सरळ करून ठेवला.

"ती जाणार," ती म्हणाली. "पाळकांची बदली होते. दोन वर्षं, तीन वर्षं. ती कितीही चांगली वाजवू दे, जाताना बेस इथंच ठेवून जाणार."

"मग?"

"तू कुठं जाणार आहेस?"

मला कळलं नाही. मी तिच्याकडं बघितलं.

"तू एकदा वाजवायला लागलीस की तो तुझा झाला," आत्या म्हणाली. "लोक म्हणणार, सुवार्ताचा बेस. पुसणं तुझं, तारा तुझ्या, आणि वाजवणंपण तुझं. मग मी कोण? शेजारी बसून ऐकणारी म्हातारी." तिनं मांडीवरचा पीठ लागलेला रुमाल झटकला. "तू त्या तारा पुसायचीस ना, जीव लावून, तेव्हा मी बघायचे. आणि जळायचे. भाचीवर. आता सांगून टाकलं. हस पाहिजे तर."

मी हसले नाही. मला काय वाटायला हवं होतं कुणास ठाऊक. वाईट वाटायला हवं होतं, रडू यायला हवं होतं, किंवा राग. पण मला जे वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला बरं वाटलं. सहा महिने मी केझियावर जळत होते, भिंतीपलीकडून, गेटमधून, वर्गातल्या मागच्या बाकावरून. आणि इतके दिवस या घरात कुणीतरी माझ्यावर जळत होतं. माझ्यावर. जिच्याकडं बघायला लोक गाणं सोडायचे ती.

"चौथी तार अजून चढव," आत्या म्हणाली. "थोडीच. तुटेल असं वाटायच्या आधी थांब."

तीन वाजता केझिया आली. मी तारा सुरात उतरवल्या होत्या. जाड तारेशेजारची तार मोकळी छेडली की अजून जरासं खरखरत होतं. तिला मी ते दाखवलं आणि तो सूर जाड तारेवर, पाचव्या पट्टीच्या घरात दाबून वाजवायला सांगितला. तिनं दोनदा करून बघितलं. यावेळी तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "तू स्टेजवर माझ्या मागं उभी राहशील? काही झालं तर?"

"काही होणार नाही," मी म्हणाले.

संध्याकाळी हॉल भरला होता. लहान मुलं देवदूतांचे पंख सांभाळत पळत होती, पाळकीणबाई माइक तपासत होत्या. मी आणि आत्या तिसऱ्या रांगेत कडेला बसलो. केझिया पांढऱ्या फ्रॉकमध्ये स्टेजवर आली, आमचा बेस गळ्यात. तिनं पहिला सूर धरला आणि तो बाकाच्या लाकडातून माझ्या पाठीत शिरला. गोल, जाड, स्वच्छ. लोकांनी मान वळवून तिच्याकडं बघितलं, आणि मला परत तसंच झालं, जसं जूनपासून होत होतं. कमी झालं नव्हतं. मी शेजारी बघितलं. आत्याचं तोंडही तसंच झालं होतं, कडू औषध तोंडात धरून बसल्यासारखं.

"छान वाजवतेय," आत्या म्हणाली.

"हो," मी म्हणाले. "फार."

मग आत्यानं माझा हात ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला. स्वेटरची बाही वर सारली आणि माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला तिचा अंगठा टेकवला. मला वाटलं नाडी बघतेय, नर्स शेवटी. पण तिची दोन बोटं हलायला लागली. एक, दुसरं, एक, थांब, दुसरं. सुजलेली बोटं, पण दाबायला काहीच जोर लागत नव्हता. स्टेजवरून सूर येत होता आणि तो माझ्या हातावर किंचित आधी पोचत होता. केझिया वाजवायच्या आधीच मला कळत होतं की आता काय वाजणार.

कडवं संपलं. आत्यानं हात काढला, आपल्या साडीचा पदर मागं टाकला आणि तिचा उघडा हात माझ्या मांडीवर आडवा ठेवला.

"आता तू."

मी अंगठा टेकवला. बोटं हलवली. केझियाचा सूर पुढं गेला आणि मी मागं राहिले.

"मागं पडतेस," आत्या कुजबुजली. "तिची वाट बघू नको. परत."

मी परत सुरुवात केली. पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागं वळून आमच्याकडं बघितलं. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, केझियानं वाकून नमस्कार केला, दुसरं गाणं सुरू झालं. आत्यानं हात मांडीवरून काढला नाही.